खोटी वजनं

मी जिममधल्या वजनाच्या मशीनवर पाय ठेवण्याआधीच ते दीड किलो दाखवत होतं. मी तसाच थांबलो. हर्षल नावाचा ट्रेनर म्हणाला, "चढा ना काका." मी म्हणालो, आधी हे शून्यावर आण. तो हसला. मशीन परदेशी आहे, ते कधी चुकत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

वजनमापे खात्यात मी तेहतीस वर्षं निरीक्षक होतो. शेवटची अकरा बार्शीत काढली आणि निवृत्त होऊन तिथंच राहिलो. वजनाच्या पोटातलं शिसं काढून घेणारे मी पकडले होते. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारे पकडले होते. चुकत नाही असं जो आपणहून सांगतो, त्याच्याकडे आधी बघायचं, एवढं मला त्या नोकरीने शिकवलं. इथला डाव उघड होता: पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला दीड किलो जास्त दाखवायचं, महिन्याने मशीन गुपचूप शून्यावर आणायचं. गिऱ्हाईक खूश, वजन उतरलं म्हणून पेढे वाटत सुटतं.

हर्षलने विचारलं, गोल काय तुमचा? मी सांगितलं, जमिनीवरून पंचावन्न किलो उचलायचंय. तो म्हणाला, या वयात पोट कमी करू, शुगर बघू, पावडरचा एक डबा सुरू करू, उचलायचं नंतर बघू. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

पंचावन्नच का, ते सांगतो. माझी बायको प्रमिला आदल्या वर्षी सकाळी न्हाणीत पडली. शुद्धीवर होती. मला तिला उचलता आलं नाही. शेवटी शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांनी उचललं, दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता, लगेच उचललं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. खरंच असेल. पण औषधाचं प्रमाण ठरवायला तिथं तिचं वजन घेतलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. पंचावन्न भरलं. तो आकडा डोक्यातून जाईना. जेवायला बसलं की तो, झोपायला गेलं की तो. मला एकदा तेवढं वजन जमिनीवरून उचलून बघायचं होतं. उचलून काय होणार, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आमची मुलगी अनघा पुण्याला असते. तिला मी एवढंच सांगितलं की व्यायाम करावा म्हणतो. तिला बरं वाटलं. तिने मोबाइलवरून एक घरी येणारा ट्रेनर ठरवून टाकला. क्षितिज त्याचं नाव. तो हॉलमध्ये मला उठाबशा काढायला लावायचा आणि स्वतः फोनमध्ये बघत बसायचा. एके दिवशी मी अकरावी बैठक काढत होतो तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "शाबास काका, पंधरा झाल्या." मी अकरावीलाच थांबलो आणि त्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. अनघा फोनवर चिडली. "बाबा, तुम्हाला माणूस नको असतो, आरोपी हवा असतो," म्हणाली. तिच्या आईचंही माझ्याबद्दल हेच मत होतं.

तिसरं नाव शांतिलाल गुगळ्यांनी सुचवलं. गुगळे बाजार समितीतले आडते. एकदा मी त्यांचे दोन काटे सील केले होते. दंड भरून झाल्यावर त्यांनी मला चहा पाजला, तेव्हापासून आमची मैत्री. त्यांची सून बाळंतपणानंतर कंबरदुखीसाठी रोहिणी कोरे नावाच्या मुलीकडे जात होती आणि आता धान्याचा कट्टा एका हाताने सरकवत होती. गुगळे म्हणाले, जाऊन तर बघा. आडत्याने नाव सुचवलं म्हणजे त्यात त्याची दलाली असणार, हे मी तोंडावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, तुमच्याकडून दलाली खायला वाघाचं काळीज पाहिजे."

रोहिणीची जागा म्हणजे बंद पडलेल्या तेलाच्या घाण्याचं गोदाम होतं. आत शेंगदाण्याच्या पेंडीचा वास अजून होता. आरसे नव्हते, गाणी नव्हती. भिंतीशी लोखंडी बार, जुन्या प्लेटा आणि एक लांब बाकडं. ती तिशीची असेल, बुटकी, खांद्यात रुंद. पूर्वी वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांत राज्य पातळीपर्यंत गेलेली. मी आधी वजनाचं मशीन शोधलं. नव्हतंच. का नाही, विचारलं, तर मला लागत नाही म्हणाली. हर्षलच्या मशीनपेक्षा हे मला वाईट वाटलं. ज्या दुकानात तराजूच नाही तिथं माल मोजतात कशानं?

मग तिने मला जमिनीवर मांडी घालून बसायला आणि हात न टेकता उठायला सांगितलं. मी हात टेकला, गुडघा टेकला, बाकड्याला धरलं आणि उठलो. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती.

"काय उचलायचंय म्हणालात?"

"ज्वारीचं पोतं."

"पोतं पन्नासचं असतं."

"हे पंचावन्नचं आहे."

तिने पुढे विचारलं नाही. उद्या सकाळी या म्हणाली, येताना चप्पल नको, तळ सपाट असलेले बूट आणा. मी घरी येताना विचार करत होतो की हिने विचारलं का नाही. न विचारणाऱ्या माणसाचाही मला संशय यायचा.

पहिले काही आठवडे तिने मला वजनाला हात लावू दिला नाही. हातात एक काठी दिली, ती पाठीला लावून कमरेतून वाकायचं, पाठ वाकली की काठी सुटायची. मला वाटलं, ही दिवस काढतेय. मग नुसता बार दिला. तो पंधरा किलोचा आहे म्हणाली. संध्याकाळी गुगळ्यांच्या पोराकडून स्प्रिंगकाटा मागून आणला आणि गोदामातच बार त्यावर टांगून बघितला. पंधरा भरला. तिला ते कळलं असावं. मग प्लेटा चढू लागल्या. प्लेटा वेगवेगळ्या फाउंड्रीतल्या, कुठली जाड, कुठली रुंद, आकारावरून वजनाचा अंदाज लागायचा नाही. आकडे ओतीव होते, गंजाने भरलेले.

पायात जोर येत होता हे खरं. जिना चढताना कठड्याला हात जाईनासा झाला. पण पंचेचाळीसला मी अडकलो. बार नडगीला लावून उभा राहायचो, पाठ सरळ करायचो, ती आकडा सांगायची आणि बार जमिनीला खिळा मारल्यासारखा बसायचा. महिनाभर हेच. ती म्हणायची, राहू द्या, उद्या. मी घरी जाऊन न्हाणीच्या दाराकडे न बघता हातपाय धुवायचो.

एका सोमवारी गेलो तर गोदामात ऑइलपेंटचा वास. सगळ्या प्लेटा काळ्या रंगवलेल्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने ब्रशने आकडे काढलेले. फार गंज चढला होता, रोहिणी म्हणाली. म्हणाली, आपण जरा मागे जाऊ, पस्तीसपासून पुन्हा चढू. पस्तीस उठलं. आठवडाभराने चाळीस उठलं.

तेहतीस वर्षांत नव्या रंगाखाली मी एकदाही चांगली गोष्ट पाहिली नव्हती. वजनाला रंग दिला की समजायचं, खाली भोक आहे, किंवा भोक बुजवलंय. त्यात ती आता प्लेटा स्वतः लावू लागली. मी प्लेट उचलायला गेलो की म्हणायची, तुम्ही दम घ्या. जिथं गिऱ्हाइकाला वजनाला हात लावू देत नाहीत तिथं काय चालतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. चाळीस उचलताना ते मला पूर्वीच्या चाळीसपेक्षा जड लागायचं. ते मी वयावर टाकलं. काहीतरी चुकतंय हे हात सांगत होता, आणि माझ्या हिशेबात चुकणं म्हणजे कमी भरणं. दुसरं काही मी आयुष्यात पाहिलंच नव्हतं.

मग तो मंगळवार आला. पंचेचाळीस लावलंय म्हणाली आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. गॅसवाला सिलेंडर आणून तिच्या घराखाली उभा होता, घरी कुणी नव्हतं. ती त्याला शेजारच्यांकडे ठेवायला सांगत होती. तो ऐकेना. मी वाट बघून कंटाळलो, वाकलो आणि बार उचलला. उभा राहिलो, पुन्हा ठेवला. तिने फोनवर बोलता बोलताच मान हलवली.

घरी आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. महिनाभर न हललेली गोष्ट रंग दिल्यावर हलते? मला खात्री पटली की प्लेटा हलक्या आहेत. ही मला असंच पंचावन्नपर्यंत नेणार, टाळ्या वाजवणार आणि मी खोटं पंचावन्न उचलून घरी येणार. बाकी कशातही फसवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. यात नाही.

गुरुवारी दुपारी मी गेलो तेव्हा ती मागच्या अंगणात बायकांचा वर्ग घेत होती. मी मंगळवारच्या दोन प्लेटांतली एक, पंधरा लिहिलेली, बाजाराच्या पिशवीत घातली. पिशवीचे बंद ताणले. स्कूटरवर पायाशी ठेवली आणि आडत बाजारात गेलो.

गुगळे गादीवर बसून तुरीचे नमुने बघत होते. मी पिशवीतून प्लेट काढली तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "निवृत्त झालात तरी माल जप्त करायची खोड गेली नाही," म्हणाले. कुणाची, विचारलं. मी सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. सुनेपुढे काय बोलायचं याची त्यांना काळजी पडली असावी. त्यांच्या काट्यावर ठेवण्याआधी मी काट्यावरचा या वर्षीचा शिक्का बघितला. "बघा, बघा," ते म्हणाले, "मी मेल्यावर तिरडीवरचा शिक्का पण बघून घ्या."

प्लेट ठेवली. वीस.

मी ती उचलून काटा रिकामा केला. शून्य. पुन्हा ठेवली. वीस. आतल्या दुसऱ्या काट्यावर नेली. वीस.

गुगळ्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग त्यांना हसू फुटलं. हमालांना बोलावून त्यांनी आकडा दाखवला. लिहिलंय पंधरा आणि भरतंय वीस. "साहेब, हिला पकडाच," म्हणाले, "पाच किलो जास्त देणारा माणूस बाजारात मोकळा सोडणं बरं नाही. आमचे भाव पडतील."

जास्त दिलं तरी कायद्याने गुन्हाच, मी म्हणालो.

त्यांनी सहज विचारलं, या प्लेटा लावून कितीचं उचललंत? मी सांगितलं, पंधराचा बार आणि अशा दोन प्लेटा. ही वीस भरली, म्हणजे दुसरीही तेवढीच असणार. गुगळे आडते होते, बेरीज त्यांच्या तोंडात आधी तयार असायची.

"म्हणजे पंचावन्न," ते म्हणाले. तुरीचा भाव सांगावा तसं.

मी शेजारच्या पोत्यावर बसलो. त्यांनी चहा मागवला. मला काय झालं ते त्यांना कळलं नाही. चहा न पिताच उठलो.

परत गेलो तेव्हा बायका निघून गेल्या होत्या आणि रोहिणी गोदाम झाडत होती. मी प्लेट बाकड्यावर ठेवली. तिने प्लेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झाडू भिंतीला टेकवला.

"कुठं तोललीत?"

"गुगळ्यांकडे. दोन काट्यांवर."

ती म्हणाली, मग कळलंच असेल. सगळ्या मोठ्या प्लेटांवर तिने पाच पाच कमी लिहिले होते. चोरी पकडल्यावर माणसं आधी शपथा घेतात, मग पोराबाळांची नावं घेतात. तिने तसलं काही केलं नाही. मी पंचेचाळीसला अडकलो ते ताकद नव्हती म्हणून नव्हे, असं तिचं म्हणणं होतं. पायांत जोर तिला दिसत होता. पण तिने आकडा सांगितला की मी भरलेला श्वास सोडून द्यायचो आणि मग वाकायचो. तिच्या सरांनीही तिच्या लहानपणी असंच केलं होतं. वेटलिफ्टिंगवाल्यांत हे चालतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही उचललं नसतं, काका."

"न सांगता उचलून मला काय करायचंय?" मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला होता. "मंगळवारी मी ते उचललं तेव्हा तू सिलेंडरचं बोलत होतीस. आणि मी गॅसवाला कधी फोन ठेवतोय याची वाट बघत होतो."

ती म्हणाली, "पोतं नव्हतं ना ते?"

मग मी तिला सांगितलं. तोपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं, अनघालाही नाही. प्रमिला न्हाणीत पडली तेव्हा तिच्या अंगावर कपडा नव्हता. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. ती म्हणाली, कुणाला बोलवू नका, तुम्हीच उचला. मी काखेत हात घालून दोनदा ओढलं. दोनदा ती अर्धी उठली आणि माझ्या हातातून सुटली. दुसऱ्यांदा सुटल्यावर मी तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि बाहेरचं दार उघडून हाक मारली. चार पुरुष आत आले. ती त्यांना रोज भाजी आणायला जाताना दिसायची, त्यांच्याशी डोक्यावर पदर घेऊन बोलायची. त्यांना बघून तिने डोळे मिटले. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे बघितलं, पण ती बोलली नाही. बोलता येत नव्हतं म्हणून, की बोलायचं नव्हतं म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

रोहिणी बाकड्यावर प्लेटशेजारी बसली होती. मग उठून आतून थिनरची बाटली आणि फडकं घेऊन आली. दोन्ही प्लेटांवरचं पंधरा तिने पुसून काढलं. काळा रंगही गेला, खाचेत भरलेली लांबीही निघाली आणि खालचं ओतीव वीस वर आलं. मला म्हणाली, घाला तुम्हीच. मी दोन्ही बाजूंना प्लेटा घातल्या, कड्या लावल्या.

"किती झालं?" तिने विचारलं.

"पंचावन्न."

मी वाकलो. बार हलला नाही. पुन्हा वाकलो. एक टोक जरा उठलं आणि परत बसलं. माझे हात ओले झाले होते. उद्या करू, असं ती म्हणेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मंगळवारी हेच उचललंत," ती म्हणाली. "मी बघितलंय. फोनवर होते, तरी बघत होते."

मी हात पँटला पुसले. श्वास घेतला आणि धरून ठेवला. टाचा जमिनीत दाबल्या. बार आधी जागचा सुटला, मग नडगीवरून सरकत गुडघ्यापर्यंत आला, मग मांडीला लागला आणि मी सरळ उभा राहिलो. काही सुटलं नाही. पंचावन्न किलो माझ्या दोन हातांत होतं आणि मला माहीत होतं की ते किती आहे.

"झालं, काका," रोहिणी म्हणाली. "ठेवा खाली."

मी ठेवलं नाही. उचलायचं एवढाच विचार मी वर्षभर केला होता. उचलल्यावर कुठं न्यायचं, हे मनात आलंच नव्हतं. परत जमिनीवर तर ठेवायचं नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, ठेवा, कंबर जाईल. बार तसाच धरून मी गोदामात इकडे तिकडे बघत होतो.

तेव्हा ती घाईने बाकड्यापाशी गेली. त्यावरची थिनरची बाटली, फडकं, तिचा डबा, सगळं तिने हाताने खाली लोटलं आणि बाकडं ओढून माझ्या पुढ्यात आणलं. मी दोन पावलं चाललो. गुडघे वाकवून बार बाकड्यावर टेकवला, आधी एक टोक, मग दुसरं. आवाज होऊ दिला नाही.